साठ दिवसांची उधारी कोण सोसणार?

माझं काम लोकांचा जमाखर्च लिहिण्याचं. नागपूरच्या गांधीबागेत एका कापड दुकानाच्या माडीवर आठ बाय दहाची खोली आहे, तिथे मी आणि एक मदतनीस पोरगा बसतो. गिऱ्हाईक बहुतेक इतवारीतले लहान व्यापारी. पण अलीकडे वेगळी माणसंही तो लाकडी जिना चढून येतात. तांडापेठेत मसाला कुटणाऱ्या, पाचपावलीत मुंगवड्या घालणाऱ्या, नाईक तलावाकडे कापडी पिशव्या शिवणाऱ्या. यांच्याकडे बिलांची फाईल नसते, वही असते. शाळेची, दोनशे पानी. पुढून पोराचा गृहपाठ आणि मागून आईचा धंदा.

अशाच एका वहीमुळे हे लिहायला बसलो.

वही एका ताईंची. त्या सावजी मसाला करतात. नवरा पूर्वी हातमागावर बसायचा, आता एका गोदामात हमाली करतो. ताईंच्या हाताला चव आहे यात वाद नाही. माझ्या घरी दुसरा मसाला येत नाही, तेव्हा हे मत निःपक्षपाती नाही हेही सांगून टाकतो. एका प्रदर्शनात त्यांचा मसाला दुकानांच्या एका मोठ्या साखळीच्या माणसानं चाखला आणि महिन्याला तीस हजारांची ऑर्डर दिली. माल मुंबईला जाणार! वस्तीत पेढे वाटले गेले. बचत गटाच्या बैठकीत शाल, नारळ, फोटो, सगळं यथासांग झालं. आठ महिन्यांनी ताईंनी ती ऑर्डर आपण होऊन सोडली.

त्यावर लोक काय काय बोलले ते मी ऐकलं आहे. घाबरली. शिक्षण कमी पडलं. एका प्रशिक्षणवाल्या साहेबांनी तर माझ्यासमोर म्हटलं, "या लोकांना मोठं व्हायचंच नसतं हो." मी वही पाहिली होती. ताईंनी फक्त बेरीज-वजाबाकी केली होती.

ती इथे मांडतो. आकडे थोडे गोल केलेत, हिशोब तोच. मिरची, धणे, खसखस, दगडफूल, चक्कीचं दळण, पाकिटं आणि हाताखालच्या दोघींची मजुरी धरून ३०,००० च्या मालाला २२,००० खर्च. कागदावर नफा ८,०००. माल साखळीच्या गोदामात पोचला की तो ‘जमा’ व्हायला आठ-दहा दिवस लागायचे, आणि बिल पास झाल्यावर पुढे साठ दिवस. म्हणजे पहिल्या मालाचा पहिला रुपया हातात यायच्या आधी दुसरा आणि तिसरा माल रवाना झालेला असे. तीन वेळचे २२,००० म्हणजे ६६,००० रुपये कायम बाहेर. मस्कासाथेतला मिरचीवाला मात्र रोख मागतो. फारच ओळख असली तर आठ दिवसांची सवड.

हे ६६,००० ताईंनी गटातून उचलले, शेकडा दोननं. महिन्याचं व्याज १,३२०. शिवाय फुटलेली पाकिटं, न खपलेला माल, वाहतूक अशा नावांखाली साखळी दरमहा सरासरी २,७०० कापून घ्यायची. ८,००० मधून हे दोन्ही वजा करा, उरतात ३,९८०. तोच माल इतवारीतला एक व्यापारी २५,५०० ला रोख उचलायला तयार होता. त्यात ताईंना ३,५०० सुटत होते.

फरक ४८० रुपयांचा. चारशे ऐंशी रुपयांसाठी सहासष्ट हजार टांगणीला. तुम्ही काय केलं असतं?

गरीब वस्तीतल्या उद्योजकांना ‘बाजारपेठ मिळवून देणं’ याचा अर्थ आपण गिऱ्हाईक शोधून देणं असा धरून बसलो आहोत. गिऱ्हाईक सापडतं हो. चांगल्या मालाला ते आजही सापडतं आणि पूर्वीही सापडत होतं. माल हातातून गेल्यापासून पैसे हातात पडेपर्यंतचे दिवस कोण काढणार, ते सांगा. आज ते दिवस काढायची जबाबदारी आपण या सगळ्या व्यवहारात ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसा आहे त्याच्यावर टाकली आहे. कोट्यवधींची उलाढाल असलेलं दुकान तांडापेठेतल्या बाईच्या पैशांवर साठ दिवस धंदा करतं, आणि त्याला आपण तिला मिळालेली संधी म्हणतो.

म्हणूनच ‘दलाल हटवा’ ही घोषणा मला कधी पटली नाही. इतवारीतल्या त्या व्यापाऱ्याला शिव्या घालणं सोपं आहे. पण तो रोख देतो. न खपलेला माल त्याच्या गोदामात पडून राहतो, बाईच्या खोलीत नाही. बुरशी लागली तर नुकसान त्याचं. चैत्रात नवी मिरची स्वस्त असते तेव्हा तो चार पोती आगाऊ टाकून जातो. या सगळ्याचे पैसे तो घेतो आणि थोडे जास्तच घेतो, हेही खरं. त्यानं घेतलेल्यांपैकी सगळ्यात महाग वस्तू मात्र हिशोबात कुठे दिसत नाही, ती म्हणजे नाव. पाकिटावर चिकटतो त्याचा छाप. वीस वर्षं मसाला करूनही गिऱ्हाईक बाईला ओळखत नाही. दिवसांचा प्रश्न त्यानं सोडवला, पण बाई होती तिथेच राहिली. व्यापाऱ्याला हटवायचं असेल तर तो करतो ती कामं आधी कोणीतरी अंगावर घ्यायला हवीत.

आता थोडं उन्हाबद्दल. बाहेरगावच्या लोकांना नागपूरच्या उन्हाची भीती वाटते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो तेव्हा मुंबईचे पाहुणे कूलरसमोरून हलत नाहीत. आमच्या पूर्व नागपुरात मात्र हे ऊन म्हणजे फुकटचं यंत्र आहे. मुंगवड्या, कुरडया, सरगुंडे, बिजोरे, भरलेल्या मिरच्या, सगळं याच आठ-दहा आठवड्यांत वाळतं. वीज नाही, गॅस नाही, भाडं नाही. मुंगवडी नीट वाळली की नाही हे पाहायला माझ्या ओळखीच्या एक काकू ती कानाजवळ नेऊन मोडतात. ‘कट्’ असा कोरडा आवाज आला तर डब्यात, नाहीतर परत पत्र्यावर. कुठल्याही प्रयोगशाळेच्या दाखल्यापेक्षा मला त्या आवाजाचा भरवसा जास्त वाटतो.

पण याचा दुसरा अर्थ असा, की वर्षभराचा माल दोन-अडीच महिन्यांत करून ठेवावा लागतो. भिवापूर-उमरेडकडची मिरचीही याच सुमाराला भरून घ्यायची असते. पावसाळ्यात घ्यायला गेलं की भाव चढलेला. सगळा खर्च चैत्र-वैशाखात, आणि विक्रीला जोर येतो दिवाळीला नि नंतरच्या लग्नसराईला. मधल्या सहा महिन्यांत तो माल ठेवायचा कुठे? दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, एक कपाट, एक शिवणयंत्र. पलंगाखाली डबे. आषाढात भिंतींना ओल येते. याच काकूंची एका श्रावणात साठ किलो मुंगवडी गेली. हिरवट पांढरी लव आली होती. त्यांनी ती नाल्यात टाकली आणि पुढच्या वर्षी तीस किलोच घातली. मोठा बाजार, निर्यात वगैरे बोलणाऱ्यांनी त्या तीस किलोंचा विचार करावा. काकूंकडे मागणी शंभर किलोंची होती.

वाळवायला जागा तरी कुठे असते? पत्र्यावर टाकलं की धूळ आणि माकडं. कोणाची तरी स्लॅबची गच्ची मिळवायची आणि बदल्यात त्यांच्या घरचं वर्षाचं वाळवण करून द्यायचं, असा व्यवहार चालतो. इकडे महापालिकेच्या शाळांच्या गच्च्या मेपासून जूनपर्यंत रिकाम्या तापत पडलेल्या असतात. कठडे आहेत, जिने आहेत, कुलूप आहे, पाण्याची टाकी आहे. एक जाळीचं आच्छादन आणि एक राखणदार, एवढ्यावर हे काम भागतं. मी हे एका बैठकीत सुचवलं होतं. उत्तर मिळालं, ‘शाळेचा वापर शैक्षणिक कामासाठीच करता येतो.’ निवडणुकीत त्याच शाळेत मतदान केंद्र असतं, म्हणून हसू आलं. असो.

कर्जाच्या योजनांवर फार लिहीत नाही. त्या आहेत, आणि मी त्यांचे अर्ज भरतो. मुद्रा २०१५ पासून आहे. फेरीवाल्यांसाठी २०२० मध्ये स्वनिधी आली. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांना यंत्रसामग्रीवर ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान मिळतं. सप्टेंबर २०२३ मध्ये अठरा पारंपरिक धंद्यांसाठी विश्वकर्मा योजना आली. तिच्यात तारणाशिवाय आधी एक लाख आणि मग दोन लाख, पाच टक्के व्याजानं. वाईट काही नाही. पण यातल्या बहुतेक कर्जांचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो आणि मालाचे पैसे तिसऱ्या महिन्यात येतात. यंत्र घेतलेली बाई पहिले दोन हप्ते मंगळसूत्र ठेवून भरते, हे मी पाहिलं आहे.

तिला खरं तर हवं असतं खेळतं भांडवल. गंमत अशी की त्याचा नियम आहे. लहान उद्योगाला अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के खेळतं भांडवल बँकेनं द्यावं, असा रिझर्व्ह बँकेचा जुना दंडक आहे. ताईंची साखळीकडची उलाढाल वर्षाला ३,६०,०००. तिचे २० टक्के म्हणजे ७२,०००. त्यांना लागत होते ६६,०००. म्हणजे ज्यानं हा नियम केला त्याला धंदा कळत होता. पण शाखेत गेलं की साहेब म्हणतात, कॅश क्रेडिट मोठ्या पार्टीला, तुम्ही मुद्रा घ्या. मुद्राचं उद्दिष्ट वरून आलेलं असतं ना.

उशिरा पैसे देणाऱ्यांविरुद्ध कायदाही आहे, आणि चांगला कडक आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु उद्योग कायद्याप्रमाणे खरेदीदारानं फार तर पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे. लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. म्हणजे उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या ताईंना साखळीनं घातलेली साठ दिवसांची अट मुळात कायद्यात बसतच नव्हती. मी त्यांना तक्रार करू म्हटलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, तक्रार केली का ऑर्डर गेली. मंग व्याज कायचं मागू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे आयकरातही दुरुस्ती झाली. मुदत उलटली आणि वर्षअखेरीपर्यंतही पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजावटीत धरता येत नाही. हे पहिल्यांदा जाणवलं मार्च २०२४ मध्ये, आणि त्या महिन्यात माझ्या खोलीत जे चाललं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. काही पार्ट्यांनी धडाधड जुनी बिलं चुकती केली. कायद्याचा उपयोग झाला, हे मान्य करायलाच हवं. पण नाईक तलावाजवळच्या एका पिशवीवाल्या दादांना त्यांच्या खरेदीदारानं छापील पत्र पाठवलं : आमची उद्यम नोंदणी नाही असं सहीनिशी लिहून द्या, नाहीतर एप्रिलपासून माल बंद. दादांची नोंदणी मीच केली होती, ‘याचा फायदा होईल’ असं सांगून. ते पत्र माझ्या टेबलावर ठेवून बराच वेळ काही न बोलता बसले. ज्या कागदानं संरक्षण मिळायचं त्याच कागदामुळे गिऱ्हाईक जात होतं.

बिलावर आधीच पैसे मिळवून देणाऱ्या ‘ट्रेड्स’सारख्या ऑनलाइन व्यवस्था निघाल्या आहेत. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नाव नोंदवणं सक्तीचं केलं आहे. नाव नोंदवणं. तीस हजारांचं मसाल्याचं बिल कोणी मान्य करून तिथे चढवेल याची मी अजून वाट पाहतो आहे.

एक अडचण मात्र खास आम्हा नागपूरकरांची आहे, आणि ती मुंबईत बसून नियम करणाऱ्यांना कधी दिसणार नाही. जीएसटीत वस्तू विकणाऱ्याला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. ही सवलत राज्याच्या आत. हस्तकलेच्या ठरावीक वस्तू आणि करमाफ माल सोडला, तर राज्याबाहेर एक पाकीट विकायचं म्हटलं तरी नोंदणी सक्तीची. एकरकमी कर भरायची सोपी योजना घेतली असेल तर तिच्यात राज्याबाहेर विकायचीच मनाई. ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना नोंदणीशिवाय ऑनलाइन मंचांवर माल टाकायची मुभा मिळाली, तीही राज्याच्या आतच.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. समृद्धी महामार्गानं मुंबई ७०१ किलोमीटर. छिंदवाडा सव्वाशेच्या आसपास, पांढुर्णा त्याहून जवळ. पांढुर्णा-सौसरकडे घरोघर मराठी बोलतात, पोळा तसाच होतो, सावजीचं जेवण त्यांना समजावून सांगावं लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हे आमच्या आजोबांच्या पिढीला सांगावं लागत नव्हतं. नागपूरच्या बाईचा स्वाभाविक बाजार उत्तरेला आहे. तिथे तिची नणंद दिली आहे, तिथून पाहुणे येतात आणि जाताना दोन किलो मसाला घेऊन जातात. पण तिथल्या दुकानदाराला बिलावर दहा किलो द्यायचा म्हटला की जीएसटी नंबर, विवरणपत्रं, आणि माझ्यासारख्याची महिन्याची फी. मसाल्यावर कर पाच टक्के. कराला कोणाची ना नाही. पण तो भरण्यासाठी लागणारी कागदपत्रं करापेक्षा महाग पडतात. कोल्हापूरचा पाकीटबंद गूळ विकणारा बेळगावला हेच भोगत असेल. उलाढालीची मर्यादा आहे ती असू द्या, तिला राज्याची सीमा कशाला हवी? हा नियम बदलला तर माझी चार-दोन गिऱ्हाइकं कमी होतील. होऊ द्यात.

प्रशिक्षणांबद्दल एक परिच्छेद पुरे. हॉटेलचा हॉल, मागे फलक, समोसा, ‘आकर्षक पॅकिंग’, ‘मोबाईलवर विक्री’, प्रमाणपत्र. बायका ऐकतात, हुशार असतात, पोरांकडून मोबाईलवर पान उघडून घेतात. पुढे? एकीला पॅकिंगच्या वर्गात सल्ला मिळाला, की पाकिटावर तांडापेठेऐवजी सधन धरमपेठेतल्या कोणा नातेवाइकाचा पत्ता टाका, ‘बरं दिसतं’. तिनं येऊन मला विचारलं, चालेल का. चालत नाही; जिथे माल होतो तो पत्ता पूर्ण लिहावा लागतो. पण सल्ला देणारा अगदी खोटंही बोलत नव्हता. पाकीट उलटून पत्ता वाचणारी आणि गुपचूप परत ठेवणारी माणसं याच शहरात आहेत, आणि ती फक्त पत्ता वाचत नाहीत, आडनावही वाचतात. यावर रंगीत पाकिटाचा इलाज नाही. माल मोठ्या, सामाईक नावानं विकला गेला तर थोडा आहे.

आणि इथे मला नागपूरचीच एक जुनी गोष्ट आठवते. हे शहर १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलचं, तसंच कोष्ट्यांच्या हातमागांचंही. महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळ १९७१ मध्ये निघालं आणि त्याचं मुख्यालय इथेच राहिलं. महामंडळ सूत द्यायचं, विणकर घरच्या मागावर विणायचा, तयार कापड महामंडळ उचलायचं आणि मजुरी हातावर ठेवायचं. विणकराला ना सुताला पैसे लावावे लागत, ना विक्रीची वाट पाहावी लागे. मी ज्या दिवसांबद्दल एवढं बोलतो आहे ते महामंडळ सोसत होतं. १९७६ मध्ये गरिबांसाठी स्वस्त ‘जनता’ कापडाची योजना आली आणि मागांना काम भरपूर मिळालं.

मग काय बिघडलं? एकच गिऱ्हाईक, एकच माल. चांगल्या काठाची लुगडी विणणारे हात वर्षानुवर्षं सरकारी मापाचं जाडंभरडं कापड विणत राहिले, कारण ते हमखास उचललं जायचं. नव्वदच्या दशकात ती योजना गुंडाळली गेली तोवर यंत्रमागानं बाजार खाल्ला होता, आणि हातमागवाल्याला दुसरा कोणी खरेदीदार माहीतच नव्हता. माग मोडून त्यांचं लाकूड जाळलेली घरं तांडापेठेत आहेत. मसाल्याच्या ताईंचं घर त्यांतलंच.

याच्या उलट टोकाला लिज्जत. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेलं काम. ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यातली एक गोष्ट भाषणांतून कायम गळते. लाटणारी बाई पीठ घरी नेते, पापड आणून देते आणि लाटणावळ घेऊन जाते. तिचा पापड परदेशात पोचला की गोदामात पडून आहे, याचा तिच्या त्या दिवसाच्या पैशांशी संबंध नसतो. बाजार शोधायला ती बाई जात नाही, संस्था जाते. आणि संस्था तिच्यासारख्याच बायकांच्या मालकीची आहे. आपण मात्र प्रत्येक बाईला सुटी उद्योजक, सुटा ब्रँड आणि सुटी विक्रेती करायला निघालो आहोत. एका बाईनं मिरची निवडायची, दळायची, पाकीट भरायचं, फोटो काढायचा, कुरियरवाल्याला शोधायचं, साखळीच्या माणसाला फोन करायचा, वसुली करायची आणि संध्याकाळी स्वयंपाक.

मला हवं आहे ते साधं आहे. शहरात बचत गटांचे वस्तीस्तर संघ आणि शहरस्तर संघ कागदावर आहेतच. माविमची, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाची, लोकसंचालित साधन केंद्रं आहेत. यांतल्या एखाद्याला कोरडं गोदाम, एक पारखी माणूस आणि एक फिरता निधी द्या. बाईनं माल आणायचा, केंद्रानं पारखून घ्यायचा, तीन दिवसांत पैसे. पुढे साठ दिवस लागोत की नव्वद, ते केंद्र पाहील. वसुलीची नोटीसही केंद्राच्या नावानं जाईल, म्हणजे बाईला ‘ऑर्डर गेली’ ही भीती नाही. जीएसटी नंबर एकच, केंद्राचा, मग छिंदवाडाही मोकळं. आणि हातमागाचा धडा म्हणून एक पक्का नियम : कुठल्याही एका खरेदीदाराला एकूण मालाच्या एक तृतीयांशाहून जास्त द्यायचं नाही, सरकार असलं तरी.

किती पैसे लागतील? पाचशे बायका धरा, प्रत्येकी ६६,००० अडकलेले. ३ कोटी ३० लाख. हा खर्चही नाही, फिरून परत येणारा पैसा आहे. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला, त्याला सुमारे ५५,००० कोटी लागले. किलोमीटरला अठ्ठ्याहत्तर कोटींच्या घरात. आमचा फिरता निधी म्हणजे त्या रस्त्याचे बेचाळीस मीटर. मी रस्त्याच्या विरोधात नाही, मीही त्यावरून मुंबईला जाऊन आलो आहे. पण माल मुंबईला आठ तासांत पोचतो आणि पैसे यायला साठ दिवस लागतात, तर कशाची दुरुस्ती आधी करायची?

विदर्भातला कोणीही यावर लगेच म्हणेल, कापूस एकाधिकार खरेदी आठवते का? आठवते. १९७२ मध्ये सुरू झाली, शेवटी तोट्याच्या डोंगराखाली गेली. पण तिथे सरकारनं भावाची हमी घेतली होती आणि दुसऱ्याला विकायला बंदी घातली होती. मी भावाची हमी मागत नाही. ज्या बाईला इतवारीत जास्त भाव मिळतो तिनं खुशाल तिथे विकावं. केंद्रामुळे इतवारीचा भाव पन्नास रुपयांनी सुधारला तरी काम झालं. हमी फक्त तीन दिवसांची.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि तो मला झोपू देत नाही. पारखणार कोण? केंद्रात बसलेल्या बाईला शेजारणीचा ओलसर माल परत पाठवता येईल का? वस्तीत नाती असतात, भांडणं असतात, नगरसेवकाचा फोन असतो. एकीचा परत केला की ‘आमच्या गल्लीचाच का’ सुरू. बचत गटांचे कितीतरी सामाईक उद्योग मी याच कारणानं बुडताना पाहिलेत, पैशांअभावी नाही. त्यामुळे पारखणारी व्यक्ती वस्तीबाहेरची हवी आणि पगारी हवी, हे माझं मत. मुंगवडीवाल्या काकूंना ते पटत नाही. त्या म्हणतात, बाहेरच्याला काय कळते, त्याच्या कानाला तो आवाज येईल काय? त्यांचंही बरोबर असेल. हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

परवा मसाल्याच्या ताई आल्या होत्या, मार्चअखेरची वही घेऊन. इतवारीतल्या व्यापाऱ्यालाच माल देतात, बरं चाललंय. मध्ये दुसऱ्या एका साखळीचा फोन आला होता म्हणाल्या. "मी पहिलेच विचारलं, पैसे कितीक दिवसात देता? तो म्हणे नव्वद. मंग मी म्हटलं, मिरचीबी तुम्हीच घेऊन द्या." पलीकडचा माणूस हसला म्हणे, आणि मग फोन ठेवला.

जुन्या साखळीकडून अजून १८,४०० रुपये येणे आहेत. दर मार्चला मी ती रक्कम नव्या वर्षाच्या पानावर ओढतो. यंदाही ओढली.